रिकामा चौकोनही मोजायचा : हणजूणच्या खडकांवरचा एक अभ्यासदौरा

गोव्यातील हणजूणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी थोडे मागे उभे राहून खडकांकडे पाहिले, तर जांभ्याच्या त्या ओबडधोबड दगडांवर आडवे पट्टे दिसतात. सर्वांत वर काळपट आणि जवळजवळ कोरडा भाग, त्याखाली करड्या-पांढऱ्या खवल्यांसारखा थर, त्याखाली कालवांची धारदार, खरखरीत ओळ आणि पाण्याला अगदी लागून तपकिरी-हिरव्या समुद्री शैवालाची दाटी. भिंतीला कुणी हाताने रंग लावावा तसे हे पट्टे एका पातळीत जातात आणि एक खडक संपून दुसरा सुरू झाला तरी साधारण त्याच उंचीवर पुन्हा सुरू होतात. पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन मी दर हिवाळ्यात येथे येतो, तेव्हा पहिली पंधरा मिनिटे वह्या उघडू देत नाही. या रेषा कोणी आखल्या, एवढाच प्रश्न त्यांना विचारतो. सागरी जीवशास्त्राचा अभ्यासदौरा म्हणजे किनाऱ्यावरची सहल, असा समज पालकांमध्ये आणि काही वेळा विद्यार्थ्यांमध्येही असतो. त्या एका सकाळी प्रत्यक्षात काय शिकायचे असते, ते येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडतो आहे.

या रेषा समजण्यासाठी सुरुवात भरती-ओहोटीपासून करावी लागते. चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते आणि उतरते, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. सूर्य प्रचंड मोठा असला तरी फार दूर आहे, त्यामुळे भरती निर्माण करण्याची त्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमीच भरते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे ओढणे एका रेषेत येते, तेव्हा उधाण येते, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास दोघे एकमेकांशी काटकोनात असतात, तेव्हा पाण्याची हालचाल मंदावते आणि त्या दिवसांना आपल्याकडे भांग म्हणतात. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, मात्र दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे दोन मीटर चढ-उतार करते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करीत असताना चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते.

या शेवटच्या वाक्यात आमच्या दौऱ्याचे सगळे नियोजन दडलेले आहे. कोकणातल्या जुन्या जाणत्यांचा एक हिशोब आहे : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा ढोबळ तास मिळतो. चतुर्थीचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. जागेप्रमाणे हा हिशोब तासभर मागेपुढे होतो आणि गोव्यात तो साधारण अलीकडे सरकतो, म्हणून आम्ही छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय दिवस ठरवत नाही. तरीही विद्यार्थ्यांनी आधी तिथीवरून वेळ काढावी आणि मगच वेळापत्रक उघडावे, असा माझा आग्रह असतो, कारण चंद्र आणि पाणी यांचे नाते एकदा बोटांवर मोजले की ते पुसले जात नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले की उधाणाचा जोर टिकलेला असतो आणि सकाळची ओहोटी सात-आठच्या दरम्यान येते. उजाडताच खडकावर उतरायचे आणि पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग खाली जायचे, ही वेळ कामासाठी सर्वांत चांगली.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, हेही आधी सांगावे लागते. खलाशांच्या वापरातला बारा भागांचा नियम येथे उपयोगी पडतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चढ दोन मीटरचा असेल तर मधल्या दोन तासांतच एक मीटर पाणी वाढते. पहिल्या तासाभरात काहीच होत नाही असे वाटून जो खडकाच्या टोकाशी रमतो, त्याच्या मागची घळ तिसऱ्या तासात भरून गेलेली असते. म्हणून आमचा नियम साधा आहे : ओहोटीच्या क्षणाआधी दीड-दोन तास कामाला लागायचे, पाणी वळले की वर सरकत राहायचे आणि समुद्राकडे कधीही पाठ करायची नाही.

आता पट्ट्यांकडे येऊ. एकाच खडकावर वरच्या टोकाला केवळ उधाणाच्या भरतीत थोडा वेळ पाणी पोचते, मधल्या भागावर ते रोज दोनदा येते-जाते आणि पायथा महिन्यातले मोजके तासच उघडा पडतो. दोन मीटरच्या या उभ्या अंतरात जणू वाळवंटापासून समुद्रापर्यंतचे सगळे हवामान सामावलेले असते. येथे राहणारे बहुतेक प्राणी मूळचे समुद्राचे आहेत. त्यांना श्वासाला पाणी लागते, अन्न पाण्यातून येते आणि पिल्लेही पाण्यातच वाढतात. त्यामुळे जितके वर राहावे तितके खाण्याचे तास कमी आणि सुकण्याचे तास जास्त, असा त्यांचा व्यवहार असतो.

हा व्यवहार निभावण्याच्या त्यांच्या रीती पाहताना विद्यार्थी हरखून जातात आणि मीही दरवर्षी नव्याने थांबतो. सर्वांत वरच्या भेगांत वाटाण्याएवढ्या समुद्री गोगलगायी घोळक्याने बसलेल्या असतात. त्या शंखाचे तोंड झाकणाने घट्ट बंद करतात आणि चिकट द्रवाच्या थेंबाने दगडाला लटकून राहतात, म्हणजे तापलेल्या खडकाला अंगाचा स्पर्श कमीत कमी होतो. त्याखाली टोपीसारख्या शंखाचा लिम्पेट असतो. तो भरतीत शैवाल खरवडत फिरतो आणि पाणी उतरण्याआधी नेमक्या आपल्याच जागी परत येतो. शंखाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाशी जुळलेली असते, त्यामुळे आतला ओलावा निसटत नाही. करड्या-पांढऱ्या खवल्यांचा जो थर दुरून दिसतो, तो बार्नेकलांचा. शिंपल्यासारखे दिसत असले तरी बार्नेकल खेकड्या-कोळंबीच्या गोतातले. पिल्लू असताना ते पोहत फिरते, योग्य खडक शोधते, डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचे चिकटवून घेते आणि भोवती चुनखडीच्या पाकळ्यांची भिंत उभारते. भरती आली की वरचे दार उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढायचे आणि पाण्यातले कण आत ओढायचे, ओहोटी लागली की दार बंद. जागा निवडताना ते इतर बार्नेकलांच्या खुणा ओळखते आणि त्यांच्याजवळच बसते. त्यांची दाटी अशी का असते, याचे एक उत्तर त्यातच आहे, आणि हीच दाटी पुढे मोजणी करताना आपल्याला अडचणीत आणते.

त्याखालची कालवे घरोघरी माहीत आहेत. ओहोटीच्या वेळी लोखंडी हत्याराने ती फोडून काढणाऱ्या बायका याच खडकांवर दिसतात आणि कोणत्या उंचीवर काय मिळते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. आणखी खाली, जवळजवळ सतत पाण्यात राहणाऱ्या भागात, शिणाण्यांची हिरवी शिंपले रेशमासारख्या चिवट धाग्यांनी दगडाला बांधलेली सापडतात.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण ऐकले की विद्यार्थी एक सोपा निष्कर्ष काढतात : ज्याला जेवढा उन्हाळा सोसतो तेवढ्या उंचीवर तो राहतो. हे अर्धेच खरे आहे. सुकणे सोसू शकणारा प्राणी वर राहू शकतो हे समजले, तरी तो खाली का राहत नाही, जेथे पाणी आणि अन्न दोन्ही भरपूर आहे? या प्रश्नाचे गाजलेले उत्तर जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शोधले आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे बार्नेकलांच्या दोन जाती होत्या, एक लहान आणि वर राहणारी, दुसरी मोठी आणि खाली राहणारी. कॉनेल यांनी लहान जात बसलेले दगड उचलून खालच्या पातळीवर ठेवले आणि दगडाच्या एका अर्ध्या भागावरून मोठ्या जातीची पिल्ले वेळोवेळी काढून टाकली. जेथे ती काढली होती तेथे लहान जात खालीही चांगली जगली. जेथे ती राहू दिली होती तेथे मोठ्या जातीने लहानांना झाकून, खालून उचकटून किंवा चेपून संपवले. म्हणजे वरची सीमा उन्हाने आखलेली होती आणि खालची शेजाऱ्याने. पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे असेच एक काम प्रसिद्ध केले. एका खडकावरून तारामासा सतत काढत राहिल्यावर शिंपल्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली आणि तेथील जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. खाणारा प्राणीही रेषा आखतो, हे त्यातून दिसले. हणजूणला तारामासा क्वचितच समोर येतो, पण मृत कालवाच्या शिंपल्यावर सुईने पाडावे तसे गोल छिद्र दिसले, तर शिंपल्याला भोक पाडून आतले मांस खाणाऱ्या शिकारी गोगलगायीचे ते काम असण्याची शक्यता मोठी आहे, हे मी दाखवून देतो.

मात्र ही दोन्ही कामे थंड प्रदेशांतल्या किनाऱ्यांवरची आहेत आणि पाठ्यपुस्तकातली आकृती जशीच्या तशी आपल्या खडकावर शोधू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हिंदी महासागराची पद्धतशीर पाहणी सुरू झाली तीच मुळी १९६० च्या दशकाच्या आसपास, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या रूपाने. त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचे मुख्यालय आज गोव्यातच दोनापावल येथे आहे. आपल्या किनाऱ्याचे नियम आपल्यालाच वाचायचे आहेत आणि ते वाचण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट उन्हाची. उष्ण प्रदेशात काळसर खडकाचा पृष्ठभाग भर दुपारी ४० अंशांच्या पुढे सहज जातो. पण कोणता पट्टा दुपारी उघडा असतो, हे तिथी ठरवते. गोव्यात उधाणाची ओहोटी साधारण पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी येते, त्यामुळे फक्त उधाणातच उघडा पडणारा खालचा भाग दुपारच्या उन्हातून बहुधा सुटतो. भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारच्या सुमारास येते. तेव्हा पाणी फार खाली जात नाही, परंतु मधला पट्टा उन्हात सापडतो. त्याच दिवसांत भरतीही कमी उंच असल्याने सर्वांत वरच्या पट्ट्याला सलग काही दिवस लाटांच्या तुषारांखेरीज पाणीच मिळत नाही. ज्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी भर दुपारी येते, तेथे याच खालच्या पट्ट्यातल्या प्राण्यांचे हाल होतात. म्हणजे दोन किनाऱ्यांचे तापमान सारखे असूनही पट्टे वेगळे असू शकतात.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात मांडवी-जुवारीच्या मुखांशी पाण्याचा वरचा थर जवळजवळ गोडा होतो, लाटांचा मारा वाढतो, वाळू किनाऱ्यावरून ओढली जाते आणि खडकांचे पायथे कधी उघडे पडतात, कधी गाडले जातात. खडकावरचे शैवाल या माऱ्यात झिजते आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा उगवते. थंडीत जे सरगॅसम नावाचे दाट तपकिरी शैवाल पाहून विद्यार्थी थक्क होतात, ते वर्षभर असेच नसते. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीवर तारखेसोबत तिथी आणि शेवटचा पाऊस केव्हा पडला हे लिहिलेले असते.

यानंतर मोजणी. वरच्या कोरड्या भागापासून पाण्याच्या कडेपर्यंत एक मोजपट्टी किनाऱ्याला काटकोनात ताणली जाते. तिच्यावरचे अंतर मात्र फारसे सांगत नाही, कारण उताराचा खडक असेल तर पट्टे रुंद पसरतात आणि उभा असेल तर हातभर उंचीत सगळे उरकते. महत्त्वाची असते ती पातळी. ती मोजायला आम्ही गवंडी वापरतात तीच पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन खुणा केलेल्या काठ्या वापरतो. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, त्यामुळे दोन जागांच्या उंचीतला फरक काठीवर सरळ वाचता येतो. ओहोटी पूर्ण झाल्यावर पाणी क्षणभर थबकते, त्या रेषेची उंची वेळापत्रकात दिलेली असते, आणि तेथून वर मोजत गेले की प्रत्येक बार्नेकलाचा पत्ता समुद्राच्या मापात सांगता येतो. उघड्या समुद्राकडे तोंड असलेल्या खडकावर लाटांचे तुषार उंच उडतात आणि पट्टे वर सरकतात. आडोशाच्या खडकावर तेच पट्टे खाली असतात. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत की आधी खडकाचे तोंड कोणत्या दिशेला होते ते पाहायचे, चूक कोणाची ते नंतर.

प्रत्येक पातळीवर २५ सेंटीमीटर बाजूची चौरस चौकट खडकावर ठेवायची आणि आत जे आहे ते मोजायचे. दौऱ्यातले सर्वांत अवघड काम मला हेच वाटते. चौकट कोठे ठेवायची हे हाताने ठरवले, तर हात नकळत जेथे काहीतरी आहे तेथेच जातो. म्हणून जागा चिठ्ठी काढून ठरवली जाते. पट्टीपासून उजवीकडे किती, हे चिठ्ठी सांगेल आणि चौकट तेथेच ठेवली जाईल. एका वर्षी एक मुलगी चौकट धरून बराच वेळ ओणवी होती. शेवटी तिने विचारले, "सर, यात काहीच नाही, शेजारची जागा घेऊ का?" त्या दिवशी सगळ्या गटांना एकत्र बोलावून जे सांगितले, तेच येथे आकड्यांत सांगतो.

समजा, एका पातळीवर दहा चौकटी ठेवल्या आणि त्यांत बार्नेकले अशी निघाली : ०, ०, ३, ०, ४१, २, ०, ५७, १, ०. बेरीज १०४, म्हणून दर चौकटीला सरासरी १०.४. एका चौरस मीटरमध्ये अशा १६ चौकटी मावतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६६ बार्नेकले. आता रिकाम्या पाच चौकटी कंटाळून सोडल्या, तर सरासरी २०.८ होते आणि चौरस मीटरला सुमारे ३३३. कोणीही खोटे लिहिलेले नाही, एकही प्राणी जास्त मोजलेला नाही, तरी किनाऱ्यावरची संख्या दुप्पट झाली. शून्य हा आकडा त्या खडकाबद्दल तितकीच माहिती देतो जितकी ५७ देतो. शिवाय याच दहा आकड्यांतला मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढला तर तो केवळ अर्धा येतो, सरासरी मात्र दहाच्या पुढे. या दोहोंतली दरीच सांगते की बार्नेकले विखुरलेली नसून घोळक्याने बसलेली आहेत. अशा वस्तीत दोन-तीन चौकटींवर काहीही म्हणता येत नाही, एक घोळका सापडला किंवा हुकला एवढ्यावर उत्तर बदलते. नव्या चौकटींमुळे सरासरी फारशी हलेनाशी झाली की पुरेशा झाल्या, असे आम्ही धरतो.

मोजणीत खडकाला इजा होऊ नये, हे कामाचाच भाग आहे. दगड उलटला तर खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज, चपटे कृमी, तारामाशाच्या गोतातले ठिसूळ तारे, लहान खेकडे दिसतात. पाहून झाल्यावर दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात मरतात आणि वरचे शैवाल अंधारात. शंकूच्या आकाराचा शंख हातात घ्यायचा नाही, त्यातल्या काही जातींचा दंश जीवघेणा असू शकतो. प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे, त्यामुळे नमुना म्हणून त्यांना उचलण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही छायाचित्र काढतो, शेजारी मोजपट्टी ठेवतो आणि ओळख पटली नाही तर वहीत तसे लिहितो. नोंदी शिसपेन्सिलीने करायच्या, कारण शाई खाऱ्या पाण्यात फुटते.

या दौऱ्याचे खरे मोल दुसऱ्या वर्षी कळू लागते. खडकावर कायम राहतील अशा खुणा, म्हणजे ठळक भेग किंवा गारगोटीची पांढरी शीर, आम्ही रेखाटून ठेवतो, म्हणजे पुढची तुकडी पट्टी तेथूनच ताणू शकते. कालवांचा पट्टा वर सरकला की खाली, एखाद्या मुसळधार वर्षानंतर शिणाणे विरळ झाले का, हे एका सकाळच्या आकड्यांतून कधीच समजत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच ऋतूत, साधारण त्याच तिथीला परत जावे लागते. गेल्या हिवाळ्याच्या वह्या मी नव्या तुकडीच्या हाती देतो, तेव्हा त्यांत ज्या रकान्यांत शून्य लिहिलेले असते त्या चौकटी ती मुले आधी शोधतात, कारण तेथे या वर्षी कोणी येऊन बसले आहे का, हे त्यांना पाहायचे असते.